फोटोत पेशी दिसत नाहीत

आरोग्यमंत्री तीन आठवड्यांनी, गुरुवारी अकराला येणार होत्या. त्या वेळी रक्तातून पेशी गाळणाऱ्या नव्या यंत्रावर कुणीतरी दाता बसलेला हवा होता. म्हणून रूबेनला रक्तातल्या मूळपेशी द्यायच्या, असं आमचे विभागप्रमुख क्लाइव पेंगली यांनी ठरवलं. बैठकीत मात्र त्यांनी हे उलट क्रमाने सांगितलं.

रूबेन टनुंडा गावचा, तेवीस वर्षांचा, तिथल्या बँडमध्ये कॉर्नेट हे तुतारीसारखं वाद्य वाजवणारा. त्याच्या हाडांतला रक्ताचा कारखाना बंद पडला होता. बहीण ग्रेटा दाता म्हणून पूर्ण जुळत होती. तिच्या मूळपेशी इंजेक्शनं देऊन रक्तात उतरवायच्या आणि यंत्राने गाळायच्या, किंवा भूल देऊन कमरेच्या हाडातून थेट मज्जा ओढून घ्यायची.

"रक्तातल्या लवकर रुजतात," बेडकाच्या आकाराच्या हिरव्या केकचं डोकं चमच्याने उडवत पेंगली म्हणाले. "भूलही नको. कुणाची हरकत?"

आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे एकमत. अकरा वर्षं मी एकमतात होते. प्रयोगशाळेत पिशवीतल्या पेशी मोजणं एवढंच माझं काम.

"रक्ताच्या पिशवीत टी पेशी मज्जेच्या दहापट असतात," मी म्हणाले.

"अगं बाई, ही बोलते!" वॉर्डची मुख्य नर्स ग्लेनिस म्हणाली.

"फॉर्मवर टी पेशींचा रकाना आहे?" पेंगलींनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"रकाना नसला तरी पिशवीत असतातच, क्लाइव."

रोगाशी लढणाऱ्या या पेशी परक्या शरीरात गेल्या की भांडण उकरून काढतात. रक्ताच्या कर्करोगात त्याचा फायदाही होतो, उरलासुरला रोग त्या मारतात. रूबेनला कर्करोग नव्हता. त्याच्या बाबतीत त्या कातडीशी, डोळ्यांशी, लाळेच्या ग्रंथींशी भांडल्या असत्या. तोंड कोरडं पडलं की कॉर्नेट कायमचं पेटीत.

"मज्जेतून घेऊ या ना," ग्लेनिस म्हणाली. "पोराला भांडकुदळ पाहुणे कशाला?"

"मला कळत नाही का ते?" पेंगली वैतागले. "पण गुरुवार! क्लबवाल्यांनी या यंत्रासाठी दोन वर्षं दर शनिवारी सॉसेज भाजून, विकून पैसे जमवलेत. त्यांना रिकामी खुर्ची दाखवू?"

"तूच बस खुर्चीत. फोटोत पेशी दिसत नाहीत."

मी हे टोमणा म्हणून म्हटलं होतं. पेंगली विचारात पडले.

"बाही कोणत्या हाताची वर करू?" त्यांनी विचारलं.

गुरुवारी अकराला ग्रेटा ऑपरेशन थिएटरमध्ये पालथी होती. वरच्या मजल्यावर पेंगली कशालाही न जोडलेल्या नळ्या हातावर चिकटवून मंत्र्यांकडे बघून हसत होते.

मज्जा सावकाश रुजते. रोज सकाळी पेंगली "अजून नाही?" असं विचारत, तेही रूबेनकडे नाही, माझ्याकडे बघून. चोविसाव्या दिवशी पांढऱ्या पेशी वर आल्या. त्या दिवसापासून ते "आपला निर्णय" म्हणू लागले.

वर्षभराने रूबेन तपासणीला आला, तो कॉर्नेट घेऊनच. पेंगलींच्या चौकटीतल्या फोटोखाली उभं राहून त्याने एक लांबलचक धून वाजवली आणि कळ दाबून वाद्यातलं पाणी फरशीवर सोडलं.

"अरे मेल्या, आत्ताच पुसलीय!" ग्लेनिस ओरडली.

मी वाकून पाहिलं. पाच-सहा थेंब. त्यातलं बहुतेक पाणी श्वासाच्या वाफेचं असतं, लाळेचं नव्हे. बहुतेक, सगळं नाही. कागद आणून मीच ते पुसलं.