छापलंय तसं वाच

अप्पांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर पालथं झोपायला सांगितलं. डोळ्यात सोडलेला बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरतो, म्हणून तोंड सतत जमिनीकडे हवं. जेवण, चहा, गप्पा, सगळं खाली मान घालून. दुसरा डोळा आधीच अधू, तेव्हा वाचनाचं नावही काढायचं नाही. आणि नेमकी त्याच आठवड्यात ‘ध्रुवयान’ची कादंबरी घरी येऊन पडली.

अप्पा मुलगा आणि सुनेबरोबर राहायचे. नोकरीत असताना ते नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यापासून एका वर्तमानपत्रात पुस्तकांची परीक्षणं लिहीत. टुकाराला तोंडावर टुकार म्हणण्याबद्दल त्यांचं नाव होतं. फक्त ‘ध्रुवयान’पुढे माणूस विरघळायचा. ती अंतराळातली एक जुनी टीव्ही मालिका. खटारा यान, तिरसट कप्तान, शिस्तीची डॉक्टरीण, सदा गुणगुणणारा मेकॅनिक आणि मोजकं बोलणारी चालक. मालिका बंद पडून जमाना लोटला होता. आता ती नव्याने सुरू व्हायची होती आणि त्याआधी हवा तापवायला कंपनीने कादंबरी काढली होती.

“सूनबाई, तू वाच, मी ऐकतो,” अप्पा कड्यासारख्या गोल उशीत तोंड खुपसून म्हणाले. “परीक्षण मी सांगेन, ते तेवढं टाइप करून दे.”

ती बस स्थानकावर निवेदिका होती. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते दिवसभर सांगायचं, समोर आलेल्या मजकुरात काना-मात्रेचाही फरक न करता. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याच्या येण्याचा भरवसा नसायचा. म्हणून संध्याकाळी कामावरून आली की हातपाय धुऊन ती अप्पांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसायची.

पहिल्याच प्रकरणात तिच्या लक्षात आलं की काही खरं नाही. कप्तानाच्या नव्या गणवेशाचं वर्णन संपता संपेना. त्याने कोणाला साधं रागावूनही पाहिलं नव्हतं. मेकॅनिक बोलायला लागला की मिक्सरबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका वाचतोय असं वाटायचं.

“कप्तान अजून कोणावर खेकसला कसा नाही?” खालून अप्पांचा दबलेला आवाज आला. त्यात अशी काही आशा होती की तिला राहवलं नाही.

“‘हा चहा आहे,’” ती वाचल्यासारखं म्हणाली, “‘की इंजिनाच्या टाकीतलं गाळलेलं पाणी? आणि गाळलं तरी कशातून, मेकॅनिकच्या मोज्यातून?’”

अप्पांचे खांदे गदगदा हलायला लागले. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच हसत होते.

बस्स, तिथून तिचा हात सुटला. सुरुवातीला नुसती कंटाळवाणी पानं गाळायची, मग मधेच एखादं वाक्य घालायची, आणि पुढे पुढे तर पुस्तक मांडीवर उघडं ठेवून चक्क मनानेच सांगायची. पालथ्या माणसाला तिचा चेहरा दिसत नव्हता. पान मात्र ती आठवणीने उलटायची. कामावरही तिच्या डोक्यात यानच फिरायचं. एकदा ‘गाडी सुटत आहे’च्या जागी तोंडातून ‘यान सुटत आहे’ गेलं आणि फलाटावरचे लोक वर बघायला लागले.

डॉक्टरीण आणि मेकॅनिक दाबकक्षात अडकतात, म्हणजे यानाच्या दोन दारांमधल्या कोंदट खोलीत, तेव्हा पुस्तकात दोघं पानामागून पान झडपांविषयी बोलत राहतात. तिने झडपा बाजूला सारल्या. तिच्या सांगण्यात दिवे गेले, हवा कमी होत चालली आणि मेकॅनिक घाबरून गप्प झाला. इतकी वर्षं त्याच्या गुणगुणण्याला वैतागलेली डॉक्टरीण अंधारात म्हणाली, “थांबू नकोस. तुझी गुणगुण थांबली तर तू आहेस हे मला कळायचं कसं?”

 उशीतून अप्पांनी नाक ओढल्याचा आवाज आला.

परीक्षण पाठवायचा दिवस आला. त्या दिवशी तिला सुट्टी होती. अप्पा अजून पालथेच होते, पण गडी रंगात होता. “लिही. कादंबरी काही ठिकाणी फार सैल आहे. ग्रह फुटतो तो प्रसंग तर निव्वळ फटाका. पण दाबकक्षातलं ते एक वाक्य आख्ख्या मालिकेला भारी आहे. अवतरणात घाल. आणि पान नंबर टाक.”

तिची बोटं थबकली.

“काय झालं? सापडत नाहीये?”

“अप्पा,” ती म्हणाली, “त्याला पान नंबर नाही. ते पुस्तकात नाहीच. ते मी घातलं.”



“आणखी काय काय तुझं?”

“कप्तानाचा चहा. स्वयंपाकघरातलं भांडण. दाबकक्ष सगळाच.”

“ग्रह फुटतो तो?”

“तो त्यांचा.”

“वाटलंच.” मग त्यांचा आवाज चढला. “अगं, पट्टी डोळ्यावर आहे, डोक्यावर नाही! मी काय तान्हं बाळ आहे, की औषध साखरेत घोळून देतेस? उद्या माझ्या नावावर हे छापून आलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.”

“तुम्ही हसत होतात हो. मला थांबता येईना.”

ती उठून चहा टाकायला गेली. कप त्यांच्या हाताशी ठेवला, त्यात वाकडी नळी घातली. ते मुकाट्याने प्यायले आणि म्हणाले, “बस. पहिल्यापासून वाच. छापलंय तसं. स्टँडवर वाचतेस ना, अगदी तसं.”

तिने आपला कामाचा आवाज लावला. गणवेशाच्या बटणांपासून सुरुवात केली. झडपांपाशी येईपर्यंत अप्पा कण्हायला लागले. मेकॅनिकने प्राणवायूच्या टाकीची क्षमता पुन्हा एकदा सांगितली तेव्हा ते म्हणाले, “अरे, त्याला कोणीतरी बाहेर ढकला रे!” आणि तिला फस्सकन हसू फुटून वाचनाची लयच गेली. मग दोघंही हसत सुटले. अप्पांच्या डोळ्याला धक्का लागू नये म्हणून तिला त्यांचं डोकं धरून ठेवावं लागलं.

पुढे एका जागी यानाची चालक मालिकेच्या सुरुवातीआधीच वारलेल्या जुन्या सोबतिणीच्या रिकाम्या खुर्चीवरची धूळ बाहीने पुसते आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसते. एवढंच.

“हे तर तुझंच आहे,” अप्पा म्हणाले. “हे मला तेव्हाही आवडलं होतं. छापलंय तसं वाच म्हटलं ना?”

“नाही हो अप्पा, शप्पथ. हे त्यांचं आहे. हे मी तेव्हाही जसंच्या तसं वाचलं होतं.”

अप्पा विचारात पडले. “म्हणजे लिहिणाऱ्याला येतं. मग बाकीचं असं का?”

“त्याचेही हात बांधलेले असतील,” ती म्हणाली. “नव्या मालिकेत सगळी माणसं लागणार. कोणी मरायचं नाही, बदलायचं नाही, आपसात फार भांडायचंही नाही. मग त्या बिचाऱ्याने झडपांवरच लिहायचं, दुसरं काय?”

“हे टाइप कर.”

“काय?”

“आत्ता बोललीस ते. तुझ्या शब्दांत कर. माझे शब्द आज उशीत अडकलेत.”

दोघांनी मिळून परीक्षण नव्याने लिहिलं. कादंबरीने निराशा केली, हे सरळ सांगितलं. ज्या गोष्टीत कोणाचं काही बिघडूच शकत नाही तिथे वाचकाचा जीव कशात अडकणार, असं विचारलं. शेवटी खुर्चीवरच्या धुळीचा प्रसंग पान नंबरासकट दिला आणि या लेखकाला त्याची स्वतःची गोष्ट लिहू द्या, असं कंपनीला सुचवलं. दाबकक्षाचा अर्थातच उल्लेख नव्हता. सहीच्या जागी अप्पांनी तिचंही नाव घालायला लावलं. ती नको नको म्हणत होती. शेवटी आपलं नाव पडद्यावर उमटलेलं तिने दोनदा वाचलं आणि मग मजकूर पाठवून दिला.

तेवढ्यात नवरा आला. हात ग्रीसने काळे, पोटात भूक. “कसं निघालं तुमचं यान?” त्याने दारातूनच विचारलं.

“पुस्तक भिकार,” अप्पा जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाले, “पण आठवडा झकास गेला. तू आधी हात धू, मग आम्ही सांगतो.”

ती ताटं घ्यायला उठली. स्वयंपाकघरातून तिला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. अप्पांनी धीर न धरता सुरुवातही करून टाकली होती, आणि ते पुस्तकातली नव्हे, तिची गोष्ट सांगत होते. त्यातही कप्तानाच्या तोंडी चार वाक्यं पदरची घालून. ती भाजीचा डाव हातात धरून दाराशी उभी राहून ऐकत राहिली.