डेरेकच्या दारावरून पुढे गेलेली व्हॅन

मी पावाची व्हॅन बोलतेय. हसू नका. पुढे मी एका रॉक बँडची झाले, आणि जे सांगायचंय ते त्याच दिवसांचं आहे.

इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावच्या एका बेकरीवाल्याने मला नवीकोरी घेतली. गरम पाव घेऊन मी दुकानोदुकानी हिंडायचे. म्हातारा थकला तेव्हा त्याने माझी किल्ली मुलाच्या, डेरेकच्या हातात ठेवली. डेरेक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. गायला रॉडनी, दुसऱ्या गिटारवर मॉरीन आणि ड्रमवर क्लिफ. लायसन्स एकट्या क्लिफकडे, म्हणून मी त्याच्याच दारात उभी असायचे.

बँडचं नाव 'टिन ऑर्चर्ड'. कुठल्याही बड्या कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. रेकॉर्ड त्यांनी स्वतःच काढली. तिची पाकिटं डेरेकच्या आईच्या स्वयंपाकघरात चिकटवली, तेव्हा घरच्यांनी रविवारचं जेवण मांडीवर ताटं घेऊन उरकलं. "आमच्यात मालक कुणी नाही, सगळं चौघांच्या मतानं," असं रॉडनी भेटेल त्याला ऐकवायचा. मला त्याचा फार अभिमान वाटे.

एक गाणं रेडिओवर लागलं आणि मोठ्या शहरांतून बोलावणी येऊ लागली. नवी गाणी वेगाची होती, डेरेकची बोटं संथ. शेजारच्या लीड्स शहराचा एक सफाईदार पोरगा गुपचूप येऊन बेस वाजवून गेला आणि डेरेकच्या जागी त्याला घ्यायचं तिघांचं ठरलं. पण डेरेकला सांगणार कोण? मालक असता तर त्याच्यावर ढकलता आलं असतं. इथे चौघांचं मत लागायचं, आणि चौथा डेरेकच. मग आठवडाभर तिघं त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. आमच्याकडच्या माणसांना हे छान जमतं.

शनिवारी सकाळी कार्यक्रमाला निघताना नेहमीसारखी मी त्याच्या गल्लीत वळले. डेरेक पायरीवर उभा होता, खांद्याला गिटार, हातात आईने बांधून दिलेली चौघांपुरती सँडविचं.

"थांब ना, क्लिफ," मॉरीन म्हणाली.

"सरळ चल," रॉडनी म्हणाला. "संध्याकाळी फोन करू त्याला."

"तू करशील?"

"बघू गं. करेल कुणीतरी."

क्लिफने ब्रेक दाबला नाही. एरवी चढ लागला की धापा टाकत बंद पडणारी मी, त्या दिवशी मेली सुरळीत धावले. आरशात डेरेक दिसत होता. आपण ह्यांना दिसलोच नाही असं वाटून तो हात हलवत होता.

फोन कुणीच केला नाही.

त्यानंतर माझ्या पोटात कुणी मोकळेपणी हसलं नाही. जरा कुणी गप्प बसलं की बाकीच्यांना धास्ती, आता गाडी आपल्या दारावरून पुढे जाणार. लीड्सचा पोरगा दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि तिघंही पांगले. जाताना मला परत करायला ते बेकरीत आले. डेरेक बापाच्या जागी पाव भाजत होता. त्याने हात पुसून चहा केला.

"रस्त्याला गर्दी होती का?"

"फारशी नाही," रॉडनी म्हणाला.

डेरेकने कप त्यांच्यापुढे सरकवले. मग म्हणाला, "त्या दिवशी दार वाजवलं असतंत ना, तर तुमचं सामान मीच चढवून दिलं असतं."

चहा तसाच निवला.

आता मी बेकरीमागे गंजत उभी आहे. डेरेकने मला विकलं नाही, पण आत कधी बसलाही नाही. पिठाची पोती घेऊन तो माझ्या अंगाला अंग न लावता जातो. मला त्याचं फार वाईट वाटतं.

कुणाची साथ सोडायचीच झाली तर सोडा, बाबांनो. पण गाडी थांबवा, खाली उतरा आणि त्याला तोंडाने सांगा. मला तोंड नव्हतं.