ओंजळ आणि वर एक मूठ

माझ्या सुनेचा रोजा नाही, हे मला रमजानच्या चौथ्या दिवशी कळलं. ओट्यावर पालथा घातलेला पेला आतून ओला होता. दुपारचे दोन वाजले होते, घरात आम्ही दोघीच, आणि पहाटेच्या सहरीनंतर मी पाण्याला हात लावला नव्हता. पेला आपोआप ओला होत नाही.

बायकांचे महिन्याचे दिवस असतात, त्या दिवसांत रोजा नसतोच आणि घरात कुणी त्याचा बोभाटा करत नाही. मी गुपचूप सात दिवस मोजले. बाराव्या दिवशी पेला पुन्हा ओला. तेव्हा मात्र माझं डोकं तापलं. पहाटे आमच्याबरोबर उठून सहरीला बसायचं, संध्याकाळी खजूर तोंडात टाकताना चेहरा सुकलेला ठेवायचा आणि मधल्या वेळात पाणी प्यायचं. एवढं नाटक कुणासाठी?

मी हाजरा. सोपारा गावातलं आमचं जुनं कोकणी मुसलमान घराणं. जुनं घर बिल्डरला दिलं आणि त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मी, माझा मुलगा इर्शाद आणि सून सुमैया राहतो. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. इर्शाद वालीवला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. लोक मला संशयी म्हणतात. म्हणू देत. दुधात पाणी किती आहे ते मी रंगावरून सांगते आणि आजवर चुकलेली नाही.

खरी भीती वेगळी होती, ती सांगून टाकते. मागच्या रमजानमध्ये सुमैयाला दिवस गेले होते. दोन महिने उलटले होते, सारख्या उलट्या व्हायच्या. रोजे सोडू का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, इर्शाद पोटात असताना विहिरीचं पाणी ओढून मी तीसच्या तीस रोजे धरले, काही होत नाही. सतराव्या रोज्याला तिला रक्त गेलं आणि सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, कारण सांगता येत नाही. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. सुमैया मला एका शब्दाने बोलली नाही. सुटलेले रोजे तिने थंडीत भरून काढले, तेही मी मोजले होते. पण तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची, आणि इर्शाद दर रविवारी बोळिंजला फ्लॅट पाहायला जायला लागला. मित्रासाठी पाहतोय, म्हणायचा. माझा त्या मित्रावर विश्वास नव्हता. हे दोघं मला टाकून वेगळे राहणार, ही भीती वर्षभर माझ्या छातीवर बसली होती.

त्यात तांदूळ कमी व्हायला लागला. पिंप मी स्वतः भरते, त्यामुळे ते कधी किती उतरतं हे मला ठाऊक असतं. यंदा ते भलतंच खाली गेलं होतं. एका सकाळी मी नमाजाच्या जानमाजवर बसून तसबीहची माळ फिरवत होते, तेव्हा दाराच्या फटीतून पाहिलं. सुमैयाने पिंपात दोन्ही हात घातले, ओंजळभर तांदूळ कापडी पिशवीत ओतला, जरा थांबली आणि वर एक मूठ टाकली. मग पिशवी ओढणीखाली धरून खोलीत गेली. नव्या घरात आधी तांदूळ नेतात. बोळिंजच्या घरात ओंजळ ओंजळ करून साठा चालला आहे, अशी माझी खात्रीच झाली.

तळमजल्यावर क्लेमेंटीन राहते, मूळची वसईच्या पाचूबंदरची ख्रिस्ती. यंदा तिचा राखेचा बुधवार आणि आमचा रमजानचा चाँद एकाच संध्याकाळी आले, त्यामुळे तिचा उपवासकाळ आणि आमचे रोजे बरोबरीने चालले होते. तिने चाळीस दिवस चहा सोडला होता, म्हणून तिचं डोकं दुखायचं आणि जीभ मोकळी सुटायची. जिन्यात मला थांबवून ती म्हणाली, "तुजी सून रोज दुपारची पिशवी भरून नेते आनि रिकामी आनते. मी कोनाला बोलनार नाय." क्लेमेंटीन कुणाला बोलणार नाही म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळणार.

दुपारी सुमैया मशिदीच्या वरच्या मजल्यावर बायकांच्या वर्गाला जायची. रमजानपुरता वर्ग, अडीच ते साडेतीन. जकातीचं दान, रोजा आणि हज यांचे नियम एका छोट्या पुस्तकावरून शिकवायचे आणि ईदनंतर परीक्षा. मला वाटायचं, वर्ग हे नुसतं निमित्त. चोराला चोरीच्या जागीच धरावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी नवी कोरी वही घेतली आणि वर्गात शेवटच्या रांगेत जाऊन बसले. सुमैयाने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. तेवढ्यावर मी ताडलं, नेम बरोबर लागला आहे.

शिकवायला रशीदा आपा होत्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि डोळ्याला डोळा भिडवणाऱ्या. का आलात, असं त्यांनी विचारलं. खरं कसं सांगणार? हजला जायचंय, त्याचे कायदे शिकायला आले, असं मी ठोकून दिलं.

"मग घरापासून सुरुवात करा, हाजराबी," आपा म्हणाल्या. "हजला निघताना आपण गावभर कहासुना माफ म्हणत फिरतो, आणि घरातल्या माणसाची माफी तेवढी राहून जाते."

बायका हसल्या. मी हसले नाही. सुमैयाने आपांच्या कानात काहीतरी घातलं आहे, असंच मला वाटलं.

माझे पहिले दोन दिवस जकातीचे गेले. आपण कोकणी पाळतो त्या शाफई मजहबात रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही, असं आपांनी सांगताच पाचसहा जणींनी एकदम आपल्या बांगड्या चाचपल्या. मग कुणीतरी लॉकरमधल्या सोन्याचं विचारलं आणि आपा म्हणाल्या, लॉकरमधलं सोनं वापरात कसं? सगळ्यांची तोंडं उतरली. मला त्या वर्गात मजा वाटायला लागली होती, हे कबूल करते. पण डोळा सुमैयाच्या पिशवीवरच होता.

तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी अंतर ठेवून तिच्या मागे गेले. ती स्टेशनकडे वळली नाही, रिक्षात बसली नाही. मशिदीमागच्या चाळीत गेली आणि जैतूनच्या दारात पिशवी रिकामी केली. जैतूनचा नवरा हात गमावून घरी बसला आहे, चार पोरं आहेत. म्हणजे तांदूळ बोळिंजला जात नव्हता. माझ्या जिवाला बरं वाटायला हवं होतं, पण संशय असा सरळ घरी जात नाही. दान लपवून करावं, मान्य. पण पेला आणि तांदूळ, दोन्ही एकाच महिन्यात लपवायचं? मी माझा निकाल लावून टाकला: रोजे मोडते आणि माझ्या तांदळाने पाप धुते. आणखी चार दिवस पाळत ठेवून इर्शादसमोर हे उघडं करायचं, असं ठरवलं.

चौथ्या दिवशी आपांनी फळ्यावर लिहिलं: रोजा कोण सोडू शकतं. आजारी, प्रवासी, पाळीतली बाई यांनी सोडायचा आणि नंतर भरून काढायचा. ज्यांना पुढेही रोजा झेपणारच नाही अशा म्हाताऱ्यांनी धान्य द्यायचं. हे सगळं मी ऐकत ऐकत मोठ्या बायकांना शोभेल अशी मान डोलावत होते. मग आपा गरोदर बाईवर आल्या.

"तिला स्वतःच्या जिवाची भीती असेल तर रोजा सोडायचा आणि नंतर भरायचा. पण भीती फक्त पोटातल्या बाळासाठी असेल, तर रोजा नंतर भरायचाच, शिवाय सुटलेल्या प्रत्येक दिवसामागे एक मुद्द धान्य गरिबाला द्यायचं."

मुद्द म्हणजे किती, कुणीतरी विचारलं. आपांनी दोन्ही हात जोडून पुढे धरले.

"मध्यम माणसाची एक ओंजळ. आपले हात लहान, म्हणून मी सांगते, वर एक मूठ टाका. कमी पडायला नको."

बायकांनी हसत हसत आपापल्या ओंजळी करून पाहिल्या. माझ्या पुढे बसलेल्या सुमैयाने केली नाही. ती मान खाली घालून वहीची कड दुमडत होती. मीही ओंजळ केली नाही, माझे हात मांडीवर तसेच पडून राहिले. फळा दिसत होता, पण अक्षरं वाचता येत नव्हती.

मागच्या वर्षी तिने मला विचारलं होतं. यंदा तिने पुस्तकाला विचारलं, आपांना विचारलं. दुधाने तोंड पोळलेली पोरगी ती, मला कशाला सांगेल? पोटात जीव घेऊन ती रोज पहाटे माझ्यासमोर उपाशी असल्याचं सोंग करायला उठत होती, आणि मी तिचे पेले तपासत होते. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडला आणि रडले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी इर्शाद कामावर गेल्यावर मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, वास खाली क्लेमेंटीनकडे जायला नको म्हणून. मऊ भात केला, वरण केलं, कैरीच्या दोन फोडी कापल्या. माझा रोजा होता, त्यामुळे मीठ चाखता आलं नाही. बाराच्या सुमारास ताट वाढून सुमैयाला हाक मारली.

ती दारातच थांबली. ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बाहेरच्या दाराकडे, आणखी कुणी आहे का ते बघायला.

"अम्मी, माझा रोजा आहे," ती म्हणाली.

ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. इतके दिवस मी तिच्या पेल्याकडे तशीच पाहत आले होते. तिला वाटलं, मी सापळा लावला आहे.

"सुमैया, काल मना धडा समजला," मी म्हटलं. "ओंजल आनि वर एक मूठ."

तिचा हात आपोआप पोटावर गेला.

"हा धडा मागच्या वर्षी पण पुस्तकात होता, अम्मी."

कहासुना माफ हे शब्द मी रात्रीपासून तोंडात तयार ठेवले होते. ते तिच्यासमोर काढायची हिंमत झाली नाही. एवढ्याने भागणारं नव्हतं.

"होता," मी म्हटलं. "मी वाचला नव्हता, आनि न वाचता तुला सांगितला. डॉक्टरीन काय पन म्हनो, माझं चुकलं."

तिने माफ केलं असं म्हटलं नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिने पडू दिलं नाही. बोळिंजचं अजून काही नक्की नाही, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, जायचं तर जा, मी अडवणार नाय, पन आधी जेव.

मग मी स्टूल उचललं आणि बाहेरच्या दाराशी जाऊन बसले, स्वयंपाकघराकडे पाठ करून. कुणी येणार नव्हतं. पण मी समोर असताना तिच्या घशाखाली घास उतरला नसता, हे मला कळत होतं. बऱ्याच वेळाने आत नळ सुटला, बंद झाला. तिच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

दुपारची, जोहरची अजान झाली तेव्हा मी उठून आत गेले. ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. ओट्याखाली कचऱ्याचा डबा होता, झाकण घट्ट बसवलेला. भात तिच्या पोटात गेला की डब्यात, हे कळायला मला दोन क्षण पुरले असते. मी वाकले. हात झाकणापर्यंत गेला.

तो मी मागे घेतला, हातपाय धुऊन वजू केला आणि नमाजला उभी राहिले.