मातीला शिवलेलं टोपडं

मी माती बोलतेय. तुम्ही म्हणाल, मातीला कुठलं आलंय तोंड? अहो, मला आजवर जेवढी तोंडं लाभली तेवढी तुमच्यापैकी कुणाला लाभायची नाहीत. एका शाळेच्या संस्थापकांच्या मिशा मी होते. एका पैलवानाची मान मी होते. एका श्रीमंत घरच्या लाडक्या कुत्र्याची शेपटीही मीच होते, पण तो विषय नको.

माझा जन्म नदीच्या वळणावरचा. तिथून मला खणून काढलं, चाळलं, भिजवलं, तुडवलं आणि गोणीत भरून शिल्पकला शिकवणाऱ्या एका शाळेत नेऊन टाकलं. तिथे एक हडकुळी मुलगी होती. बाकीची मुलं मला दोन बोटांनी उचलायची, ही कोपरापर्यंत हात घालायची. शिक्षण संपलं तेव्हा तिने गुरुजींकडे मलाच मागून घेतलं. तीच आमची बाई.

शिल्पकाराच्या घरी मातीच्या नशिबात काय असतं ते सांगते. आधी मला लोखंडी सांगाड्यावर चढवतात. चेहरा पुरा झाला की वर प्लास्टर ओतून साचा घेतात. मग त्या साच्यातून मला खरवडून काढतात आणि पुन्हा टबात टाकतात. साच्यावरून ब्राँझचा पुतळा होतो, त्याला हारतुरे मिळतात आणि मी टबात भिजत पडते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. फक्त काम चालू असेपर्यंत मला ओली ठेवावी लागते. मी वाळले की भेगा पडतात, म्हणजे पाणी न मिळाल्यामुळे सगळ्या कामावर पाणी पडतं.

बाईचा नवरा शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, बाईसुद्धा. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि बाई, आणि मध्ये एक दार. मास्तरांना शिल्पातलं ओ की ठो कळत नाही, आणि ते स्वतःच तसं खुशाल सांगतात.

एके वर्षी बाईला इस्पितळाचं काम आलं. तिथल्या एका नर्सने उभा जन्म वॉर्ड सांभाळला होता आणि निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली होती. तिचा अर्धपुतळा करायचा होता. पुतळे नेहमी बड्या लोकांचे होतात. नर्सचा करायचा म्हटल्यावर बाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नर्सची धाकटी बहीण एकुलता एक फोटो घेऊन आली, आणि तो देताना तिच्या हातातून सुटेना.

मी कपाळापासून हनुवटीपर्यंत जवळजवळ तयार झाले होते. एका सकाळी बाईच्या उजव्या हातातून लाकडी कोरणी गळून पडली. ती उचलायला बाई वाकली आणि तशीच कलंडली. अर्धांगाचा झटका होता. वाचा वाचली, पाय हळूहळू सावरला, पण उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत राहिला.

इस्पितळातल्या खाटेवरून तिने मास्तरांना एवढंच सांगितलं, की मातीला पाणी मारा.

मास्तरांनी ते मनावर घेतलं. सकाळी मारलं, जेवल्यावर मारलं, झोपायच्या आधी मारलं. बायकोसाठी दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून सगळी माया बादलीने माझ्या डोक्यावर ओतली. वर त्यांना बाईने घातलेलं फडकंही पसंत पडेना. बाई माझ्या तोंडासमोर काड्या खोचून त्यांवर ओलं फडकं ढिलं सोडायची, नाकाला लागू नये म्हणून. मास्तरांना ते गबाळं वाटलं. त्यांनी टेप आणून माझं डोकं मोजलं, गळा मोजला आणि मऊ सुती कापडाचं टोपडं शिवलं, अंगासरसं बसणारं, हनुवटीखाली नाडी असलेलं. इतकं बेतशीर मला कुणी कधी काही घातलं नव्हतं. त्यांनी ते ओढून घट्ट बांधलं आणि भिजून लोणी झालेलं नर्सचं नाक चपटं झालं.

त्यांनी टोपडं काढलं आणि ते पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग कापडाला चुणी घालतात तसं नाक चिमटीत धरून वर ओढलं. ते नाक कमी आणि चुणी जास्त झालं. काय करावं ते न सुचून त्यांनी टोपडं परत चढवलं आणि वरून आणखी पाणी मारलं.

बाई घरी आली, पण शेडमध्ये आली नाही. मध्ये दार होतं, मला सगळं ऐकू यायचं. ती आढ्याकडे बघत पडून राहायची. शेवटी तिने इस्पितळाला निरोप धाडला, की काम दुसऱ्या कुणाला द्या. उत्तर आलं की नर्सची बहीण फोटो परत न्यायला येईल. मी हबकले. दुसऱ्या कुणाला म्हणजे दुसरी मातीही आली, पण खरं सांगते, मला माझं वाईट वाटलं नाही. बाई माझ्यात हात घालणार नाही, मग ती करणार काय, याचीच मला धास्ती वाटली.

फोटो शेडच्या भिंतीवर होता. तो काढायला बाईला आत यावंच लागलं. तिने टोपडं पाहिलं. डाव्या हाताने नाडी सोडली.

"मास्तर, हे काय?"

मास्तर दारातच उभे होते. "पाणी तूच मारायला सांगितलंस."

"आणि नाक?"

"नाक मला जमलं तसं केलंय."

बाई हसली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडताच तिचा डावा हात माझ्या नाकाकडे आला.

हा हात माझ्या ओळखीचा होता, पण कारागिराचा नव्हे. पुढून उजवा हात दाबायचा तेव्हा हा मागून डोकं धरून राहायचा. मागून आधार नसला तर ओली माती डुलते. आता पुढून दाबणारा तोच आणि मागे कुणी नाही. मी डुलले, बोट घसरलं, गालाला खड्डा पडला. बाईने चिडून मला एक चापट मारली. ती लागली, पण बरीही वाटली.

मास्तर घाईघाईने मागे आले, म्हणाले, मी धरतो.

"नको," बाई म्हणाली. "तुम्ही धरलं की चपटं होतं."

मग तिने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला, एखादं गाठोडं उचलावं तसा, आणि माझ्या डोक्यामागे नेऊन ठेवला. खांदा टेकवला. तो हात काही करत नव्हता, नुसता टेकला होता. मला तेवढं पुरलं. मी डुलले नाही.

नर्सची बहीण आली तेव्हा बाई तशीच, मला कवेत घेतल्यासारखी उभी होती. फोटो अजून लागणार आहे, असं तिने मान न वळवता सांगितलं.

पुढचे महिने बाईला आणि मला, दोघींनाही जड गेले. डावा हात खोल रुतायचा, नको तिथे थांबायचा. किती वेळा मोडलं आणि किती वेळा केलं त्याला गणती नाही. नाक उभं राहिलं, डोळे आले, पण उजव्या हाताची सफाई काही आली नाही. गालावर बोटांच्या रेघा राहिल्या, पापण्या जड झाल्या. बहीण पाहायला आली तेव्हा बाई ओशाळून म्हणाली, की पूर्वीची असते तर हे गुळगुळीत करून दिलं असतं.

बहीण माझ्या तोंडाजवळ आली. मग म्हणाली, "फोटोत ती फोटोसाठी बसलीय. ही ड्यूटी संपवून आलेली आहे. दारात चप्पल काढताना अशीच दिसायची. आता हिला हात लावू नका."

साचा घेतला, पुतळा ओतला, इस्पितळाच्या वऱ्हांड्यात बसवला. मला नेहमीसारखं खरवडून काढलं. इतक्या चेहऱ्यांतून बाहेर पडले, कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. त्या चेहऱ्यातून मात्र पाय निघत नव्हता.

सध्या मी टबात आहे, मऊ आणि मजेत. बाईकडे नवीन कामं येतात, लोक ती डाव्या हाताचीच हवीत म्हणून मागतात. तो हात आता तरबेज झालाय, थोडा गर्विष्ठही. डॉक्टरांनी सांगितल्यावरून ती रोज सकाळी उजवा हात उचलून माझ्यात सोडते आणि मास्तरांशी गप्पा मारत बसते. इतके दिवस त्या हाताचं फक्त वजन मला कळायचं.

आज सकाळी पुढचं काम कुठलं घ्यावं यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. बाई भांडणात रंगली होती. आणि उजव्या हाताची करंगळी माझ्यात रुतली. वजनाने रुततं ते मला ठाऊक आहे. हे तसं नव्हतं. करंगळी उचलली गेली आणि पुन्हा दाबली गेली.

बाईला पत्ता नाही. तिने हात काढला, पुसला आणि ती चहा टाकायला गेली. मी इथे आनंदाने वेडी व्हायची बाकी आहे, पण तिच्यापुढे माझं तोंड उघडत नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. कधी त्या शिंप्याच्या दुकानावरून गेलात, तर आत शिरा, मधलं दार उघडा आणि बाईला एवढा निरोप द्या: उद्या हात मातीत घालशील तेव्हा जरा भांडायची थांब, आणि करंगळीकडे बघ.