तिसऱ्या पाळीतला धागा

आम्ही भावंडांनी बनवलेल्या गेममध्ये निळ्या टोपीतला एक माणूस मशीनवर तुटलेले धागे जोडत जातो. तो मी हुबेहूब आबांवरून काढला होता. आबा म्हणजे आमचे वडील. धुळ्याहून सिल्वासाला आल्यापासून ते मसाटच्या सुताच्या कंपनीत हेच काम करतात. सगळ्यात नाजूक सुताची मशीन त्यांच्याच हाती असते, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! पण गेम आम्ही त्यांना दाखवला नव्हता. "असल्यानं पोट भरतं का?" असं ते एकदा बोलले आणि माझा भाऊ ललित रुसून बसला. दोघेही एकाच मातीचे हट्टी.

गेम कॉम्प्युटरसाठी काढायचा की फोनसाठी, यावरूनही आम्हा दोघांत जुंपली. ललितला कॉम्प्युटरच हवा होता. तिथे लोक पैसे मोजतात म्हणे. मी म्हटलं, "इथे खडोलीत कुठल्या कामगाराच्या खोलीत कॉम्प्युटर आहे, दाखव." शेवटी फोनवर काढला. थोड्याच दिवसांत त्याची चोरटी कॉपी कंपन्या-कंपन्यांतून फिरू लागली. विकत घेणारे बोटावर मोजण्याइतके. ललितचं डोकं फिरलं. नव्या आवृत्तीत त्याने सापळा लावला: कॉपी चोरीची असेल, तर गेमच्या तिसऱ्या पाळीपासून, म्हणजे तिसऱ्या टप्प्यापासून, जोडलेला प्रत्येक धागा पुन्हा तुटणार.

"निदान सांग तरी त्यांना, का तुटतोय ते," मी म्हटलं.

"चोरांना कसलं सांगायचं?"

फोनचा हट्ट माझाच होता, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

रविवारी आबा ओट्यावर फोन घेऊन बसले होते. मी चहा द्यायला गेले, तर पडद्यावर आमचा निळी टोपीवाला. कंपनीतल्या काळूने फोनमध्ये टाकून दिला, असं ते ओशाळून सांगू लागले. सुरुवातीला आमची दोघांची नावं येतात, ती त्यांनी सगळ्यांना दाखवली होती.

मग त्यांनी हात पुढे केला. "जया, मना हात थरथरस का वं? कितीबी जोडा, धागा टिकत नई."

मी ललितला हाक मारली. पडदा बघून त्याचा चेहरा उतरला. हात चांगला आहे म्हणावं, तर बापाला चोर ठरवल्याचंही सांगावं लागणार होतं. तो त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

"आबा, हात चांगला आहे तुमचा. चोरीच्या कॉपीत धागा तुटावा असं मीच करून ठेवलंय."

आता आबा भडकणार असं मला वाटलं. भडकले असते तर फार बरं झालं असतं. ते आपल्या तळहाताकडे बघत राहिले.

"मंग मना हात बरा शे?"

"हो, आबा."

"मी काल मुकादमले सांगी उनू," ते हळूच म्हणाले. "मनी मशीन काळूले दी टाका. हातवर भरोसा नई राह्यना."