ओढ्याकाठचा बारावा प्लॉट

साखळीची शेवटची कडी टेपेवरच्या तेहतीस फुटांच्या रेघेपुढे तीन इंच गेली होती. गंगाधरपंतांनी चष्मा पुसला आणि गुडघे टेकून पुन्हा पाहिलं. साखळीला पीळ नव्हता, खुंट्या पक्क्या होत्या, टेप कोरी पोलादी होती. तरी तीन इंच.

टेप मानसिंग सुभेदाराची. लढाईवरून परतताना त्यानं ती आणली होती.

"आवं पंत, तुमची साखळी वाढलीया," तो म्हणाला. "माझा अकरावा प्लॉट सासष्ट फुटांचा म्हणून दिला न्हवं? साडेसासष्ट भरतोय."

साताऱ्याबाहेर कोरेगावच्या रस्त्याला लालासाहेबांनी ज्वारीच्या शेताचे एका ओळीत बारा प्लॉट पाडले, तेव्हा लढाई चालू होती आणि तिकडे कुणी फिरकत नव्हतं. पहिले दोन पेन्शनरांनी घेतले. ते विचारत, विहिरीचं पाणी गोड आहे का? तिसरा वकिलानं घेतला. त्याला रस्त्याची रुंदी हवी होती. मग शिपाई घरी परतू लागले आणि सहा महिन्यांत पुढचे आठ गेले. त्यांचा प्रश्न एकच, शाळा किती लांब?

सगळी मोजणी गंगाधरपंतांची. सरकारी नोकरीत तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि स्वतः भाड्याच्या खोल्यांत राहिले. कोरेगाव, लोणंद, वाई. दर बदलीला शरयूबाईंनी भांडी पोत्यात भरली. आता पेन्शन लागली तरी घराचं नाव निघालं की पंत म्हणत, "बघू." पाचव्या प्लॉटला उतार होता, सातव्याला सकाळचं ऊन नव्हतं. खरं कारण ते सांगत नसत. वीतभर बांधासाठी भावाभावांनी काढलेल्या कुऱ्हाडी त्यांनी पाहिल्या होत्या. जमीन घ्यायची म्हणजे शेजारी घ्यायचा, आणि शेजाऱ्याची त्यांना धास्ती होती.

शरयूबाईंचा जीव जडला होता तो ओढ्याकाठच्या बाराव्या प्लॉटवर. तो आज जाणार होता. लोणंदचे कांद्याचे व्यापारी नानासो बोलणी पक्की करायला आले होते. पंतांचा जेवणाचा डबा घेऊन शरयूबाई आल्या होत्या खऱ्या, पण डबा हातातच होता आणि नजर ओढ्याकडे.

"अरं मानसिंगा, जास्तीचं मिळालं तर गप बसावं," लालासाहेब म्हणाले. "बोंबलत कशाला आलास?"

"पाया खणायच्या आत सांगावं म्हटलं. एकदा कारभारणीनं चूल मांडली की ती चूल हलवायला पलटण आणावी लागंल."

सगळे हसले. पंत हसले नाहीत. ते मनात आकडे मांडत होते. नोकरीत असताना दर हंगामाला साखळी कचेरीच्या फरशीवरच्या खुणांशी ताडून पाहावी लागे. पेन्शनीत कचेरी सुटली, ताडणं राहून गेलं. कड्या झिजत गेल्या, साखळी लांबत गेली. प्रत्येक प्लॉट दोन साखळ्या रुंद, म्हणजे सहा इंच जादा. अकरा प्लॉट, साडेपाच फूट. बारावा त्यांनी मोजलाच नव्हता. अकराव्याचा दगड रोवल्यावर ओढ्यापर्यंत उरला तो बारावा, तोही सासष्ट फूटच, असं धरून ते घरी गेले होते.

त्यांनी टेप मागितली. दगडापासून ओढ्यापर्यंत स्वतः धरली.

"साडेसाठ," ते म्हणाले. त्यांचे कान तापले होते. "चूक माझी आहे."

नानासोंनी टोपी सारखी केली. "मला पुरता चौकोन पायजे, लालासाहेब. लंगडा प्लॉट घेऊन काय करू?"

"आता ह्यो कोण घेणार?" लालासाहेबांनी कपाळाला हात लावला. "पंत, तुमी तर माझा जावई परत धाडला की वं!"

शरयूबाईंनी पदर तोंडाशी धरला, पण हसू लपलं नाही.

मानसिंग मात्र आपल्या दगडापाशी उकिडवा बसून माती उकरू लागला होता.

"काय करतोस?" पंतांनी विचारलं.

"दगड सरकवतो सहा इंच आत. माझं न्हाई ते मला कशाला? बाकीच्या धा जणांनी पाया घातलाय, त्यांना काय बोलायचं? पण माझं तर मोकळं रान हाय."

तीस वर्षांत दगड रात्रीतून बाहेर सरकलेले पंतांनी हजारदा पाहिले होते. भर दुपारी, चार माणसांदेखत, कुणी तो स्वतःकडे ओढून घेताना हा पहिलाच. आणि या माणसाच्या दगडाला लागूनच बारावा प्लॉट होता.

"राहू दे रे," ते म्हणाले. "तुझी चूल तिथंच मांड."

"मग बाराव्याचं काय वं?"

पंतांनी टेप गुंडाळली. शरयूबाई डबा खाली ठेवून ओढ्याच्या कडेला गेल्या होत्या, आणि केळी कुठे लावता येतील ते पावलांनी मोजत होत्या, सवयीनं, आशा न धरता.

"अहो, जेवून घ्या," त्या तिथूनच म्हणाल्या. "पोळ्या वातड होतील."

"शरयू," पंत म्हणाले. चारचौघांत त्यांनी बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. लालासाहेबांनी मान वळवली. "केळी आणखी चार पावलं अलीकडे घे. पावसाळ्यात ओढा तिथवर चढतो. हा बारावा आपण घेतोय."