न मारलेली हाक

श्वास रोखायला अक्कल लागत नाही, असं दादाचं म्हणणं. हट्टाला पेटलेलं पोरही श्वास रोखून धरतं. अक्कल लागते ती परत घ्यायला. नव्वद मीटर खाली जाऊन आलेल्या माणसाचं डोकं वर येईपर्यंत निम्मं झोपलेलं असतं. नाकासमोर हवाच हवा, आणि हा शहाणा तोंड मिटून बसतो, कारण गेली तीन मिनिटं शरीराला त्याने तेवढं एकच बजावलेलं असतं. अशा वेळी वरून कुणीतरी ओरडावं लागतं, आणि तिथे ऐऱ्यागैऱ्याचा आवाज चालत नाही.

दादा म्हणजे बेडकीचा थोरला भाऊ. बेडकी म्हणजे एका श्वासात समुद्रात खोल उतरायच्या खेळातली ती चॅम्पियन. सात वर्षांत पाच सुवर्णपदकं, पेपरात फोटो, शाळाशाळांतून भाषणं. पण घरात बेडकी ती बेडकीच. लहानपणी बादलीत तोंड घालून बसायची आणि आईने पाठीत धपाटा घातल्याशिवाय बाहेर काढायची नाही. दादा पोहण्याच्या तलावावर पंपांचं आणि गाळण्यांचं काम बघायचा. हाताला कायम क्लोरीनचा वास. तलाव उघडायच्या आधी तासभर पाणी रिकामं मिळायचं, तेवढ्यात तो बहिणीला घडवायचा. पुस्तकं वाचली, चार जाणत्यांचे पाय धरले, चुकत माकत शिकला. बारा वर्षांनी लोक त्याला प्रशिक्षक म्हणायला लागले तेव्हा त्याचं त्यालाच हसू आलं.

तिच्यासाठी त्याने एकच शब्द ठेवला होता, 'घे!' 'श्वास घे' वगैरे लांबण नाही, कारण तेवढं ऐकायला डोकं जागेवर नसतं. ती पाण्यातून वर आली रे आली की हा काठावरून खेकसायचा. शब्द कानात शिरायचा आणि तिला कळायच्या आत छाती भरायची. हजारदा केलं, दहा हजारदा केलं. बाकीच्या पोरी चिडवायच्या, "तुझा दादा ओरडला की आमचासुद्धा श्वास सुरू होतो!"

मग ते चिठ्ठीचं प्रकरण झालं.

या खेळात आदल्या संध्याकाळी चिठ्ठी द्यावी लागते, उद्या किती खोल जाणार त्याची. समुद्रात सोडलेल्या दोराला तेवढ्यावर चकती बांधतात. चकतीवरचा बिल्ला तोडून वर यायचं, नाकाचा चिमटा काढायचा, हाताने खूण करायची आणि पंचांकडे बघून म्हणायचं, "मी ठीक आहे." हे सगळं पंधरा सेकंदांत, आणि तोवर कुणाचं बोटही लागता कामा नये. जमलं तर पांढरं कार्ड, नाही तर लाल.

त्या वर्षी बेडकीने दादाला सांगितलं, शहाण्णव लिही. दादाने त्याच सकाळी तिच्या रुमालावर गुलाबी फेस पाहिला होता. विचारलं तर म्हणाली, "हिरडीला ब्रश लागला." हिरडीचं रक्त आणि छातीचं रक्त दादाला कळत नव्हतं होय? तो गप्प बसला आणि चिठ्ठीवर ब्याण्णव लिहून आला. स्पर्धेच्या दिवशी बेडकी कुणाशी बोलायची नाही, याद्या बघायची नाही. तिला कळलं ते थेट पाण्याखाली, चार मीटर आधीच चकती समोर आली तेव्हा. दुसरी एकजण त्र्याण्णव करून गेली आणि सुवर्णपदक एका मीटरने हुकलं.

"मी किती लिहायला सांगितलं होतं?" धक्क्यावर, ओल्या अंगाने, सगळ्यांदेखत तिने विचारलं.

"तुझ्या रुमालाला रक्त होतं."

"रुमाल माझा, रक्त माझं, छाती माझी. तू कोण?"

"भाऊ आहे तुझा."

"मग भाऊ म्हणून घरी बस. यापुढे पाण्यावर तुझा आवाज माझ्या कानावर पडता कामा नये. पडला तर तोंड बघणार नाही तुझं, सांगून ठेवते."

तिची चूक होती का? होतीच. त्याची नव्हती का? त्याचीही होती. भल्यासाठी का होईना, दुसऱ्याच्या जिवाचा हिशेब त्याला न विचारता करू नये. पण दोघं एकाच आईची, वाकणार कोण? दीड वर्ष बोलणं बंद. बेडकीने नवा प्रशिक्षक धरला. तरणाबांड, हुशार, हातात सतत कागदपत्रं आणि आलेख. माणूस वाईट नव्हता हो, पण तो "श्वास! श्वास!" म्हणायचा.

शंभर मीटरचा दिवस ठरला तेव्हा दादा न सांगता गेला. प्रेक्षकांच्या बोटीत मागच्या बाकावर, टोपी डोळ्यांवर ओढून बसला. बायकोला म्हणाला होता, पंपाचा सुटा भाग आणायला जातोय. बायको म्हणाली, "हो, जा. समुद्रात मिळतात म्हणे स्वस्तात."

बेडकी खाली गेली. पंचाच्या हातातल्या यंत्रावर आकडे चढत होते, तो मोठ्याने वाचत होता. साठ. ऐंशी. शंभर, बिल्ला घेतला! बोटीवर टाळ्या पडल्या. दादाने वाजवल्या नाहीत. त्याच्या ओठांत परतीचे आकडे चालले होते. तीन मिनिटं बारा सेकंदांनी ती वर आली, दोर धरला, आणि दादाला तिचे ओठ दिसले. जांभळे पडले होते.

नवा प्रशिक्षक ओरडायला लागला, "श्वास! श्वास!" बोटीवरचे लोकही ओरडायला लागले, ज्याला जे सुचेल ते. बेडकीने चिमटा काढला. मग नुसतीच बघत राहिली, तोंड मिटून. तिची मान हळूहळू डावीकडे कलायला लागली. ती मान दादाने बारा वर्षं पाहिली होती. आता ओरडायला हवं, या क्षणी, हे त्या अख्ख्या समुद्रावर त्याच्या एकट्याला ठाऊक होतं. मध्ये अंतर असेल पंधरा हातांचं. बोटीतून ओरडायला कुणाची मनाई नव्हती. शब्द जिभेवर आला होता.

त्याने तो गिळला.

का गिळला? तिने बजावलं होतं म्हणून, असं तो नंतर स्वतःला सांगायचा. ते खरंच होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की त्या दोन-तीन सेकंदांत त्याच्या मनाने म्हटलं, बघ, माझ्यावाचून कसं होतं ते. सख्ख्या बहिणीबद्दल! माणसाचं मन इतकं हलकट असतं, आणि आपलंच असतं, म्हणून कुणाकडे तक्रारही करता येत नाही.

ती पाण्याखाली गेली. बाजूच्या रक्षकाने लगेच उचललं, तोंडावर फुंकर घातली, गाल थोपटले. ती शुद्धीवर आली, पण खोकल्याबरोबर तोंडातून रक्त आलं. पंचाने लाल कार्ड वर केलं.

दवाखान्यात दादा दारातच घुटमळला. आत जावं की नको, तोंड काय दाखवायचं? बेडकीनेच मान वळवली.

"ये ना दादा. तू आला होतास, मला माहितीये. मी ऐकलं तुला."

दादा खाटेपाशी आला. "काय ऐकलंस?"

"तीनदा म्हणालास, घे, घे, घे. बाकी काही आठवत नाही बघ. तेवढं मात्र स्वच्छ आठवतंय." तिने त्याचा हात धरला, दीड वर्षानंतर. "मी एवढं बोलले तुला, तरी हाक मारलीस. आणि मला मेलीला घेताच आला नाही."

तेव्हाच सांगायचं होतं. पण तिने हात धरला होता, आणि त्याला तो सुटायला नको होता.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगी जिवंत आहे, तुमच्याशी बोलतेय. आता उगाच खाजवून खरूज काढू नका."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा महिने विश्रांती घेतली की छाती भरून येईल, मग बेताबेताने पुन्हा सुरू करायला हरकत नाही. पण बेडकीने दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, बास झालं. "तुझा आवाज ऐकूनही हे शरीर ऐकत नसेल ना दादा, तर संपलं. त्याच्यावर आता माझा भरवसा नाही." नव्या प्रशिक्षकाने समजावून पाहिलं, चित्रफीत दाखवली. तिच्यात नुसता कल्ला, कुणाचा आवाज कुणाचा, काही पत्ता लागेना. "त्यातच कुठेतरी दादा आहे," ती म्हणाली.

ती दादाकडे राहायला आली. वहिनीशी गट्टी जमली, हसणंखिदळणं सुरू झालं, घर भरलं. दिवसा तलावाच्या खिडकीत बसून लोकांना कपाटांच्या किल्ल्या द्यायची. खुर्ची मात्र अशी लावायची की पाण्याकडे पाठ होईल. सुरुवातीला दादाला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. बहीण घरात आहे, रुमाल पांढरे आहेत, आणखी काय हवं?

पाचव्या महिन्यात एक दिवस पोहायला शिकणाऱ्या एका बाईच्या नाकातोंडात पाणी गेलं. दादा पंपाच्या खोलीतून बाहेर येत होता. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "घे!" ती बाई खोकत राहिली. पण तिकडे खिडकीत, पाठमोऱ्या बेडकीचे खांदे एकदम वर उचलले गेले. छाती पूर्ण भरली आणि सावकाश उतरली. तिला स्वतःला कळलंही नाही, ती वहीत किल्लीचा नंबर लिहीत होती.

दादा तिथेच ओल्या फरशीवर बसला. पाच महिने तो मनाची समजूत घालत होता, की ओरडलो असतो तरी काय झालं असतं, उशीरच झाला होता. आता ती पळवाटही बुजली. तिच्या शरीरात काहीही बिघडलेलं नव्हतं. त्याने हाक मारली असती तर तिने श्वास घेतला असता, "मी ठीक आहे" म्हणाली असती, आणि शंभर मीटर तिच्या नावावर लागले असते.

त्या रविवारी बेडकी संघटनेचा निवृत्तीचा कागद घेऊन बसली होती. दादा समोर बसला.

"बेडके, मी हाक मारली नव्हती."

"काय?"

"त्या दिवशी. मी बोटीत होतो. तुझी मान कलताना बघत होतो. तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही. तू ऐकलंस ते आधीचं कधीचंतरी असेल, त्या दिवसाचं नाही. तुझ्या शरीराला काही झालेलं नाही गं. चूक माझी आहे. तू पुन्हा उतर. मला घराबाहेर काढ, तोंड बघू नकोस, पण पाण्यात उतर."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरले, आणि ती हसली.

"दादा, किती रे चांगला आहेस तू."

"अगं, खरं सांगतोय! आईशप्पथ!"

"आईला मध्ये आणू नकोस. बरणी मी फोडायची आणि मार तू खायचास, तेव्हाही अशीच शपथ घ्यायचास. आई फसायची, मी नाही फसणार." तिने डोळे पुसले. "मी ऐकलं ना, माझ्या कानांनी. मला उमेद यावी म्हणून असलं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस."

वहिनी दारात उभी होती. दादाने तिच्याकडे पाहिलं, तू तरी सांग म्हणून. तिने सांगितलंही. "खरंच बोलतायत गं ते. त्याच रात्री सांगितलं होतं मला."

"तुलाही पढवलं का त्याने?" बेडकी म्हणाली, आणि कागद दादापुढे सरकवला. "प्रशिक्षकाची सही लागते. त्या नव्याकडे मी नाही मागितली. माझा प्रशिक्षक तूच."

निवृत्तीचं कारण, असा रकाना होता. त्यात तिने गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, 'प्रशिक्षकाने वेळेवर हाक दिली. प्रतिसाद देता आला नाही. दोष सर्वस्वी माझा.'

"हे नको लिहूस," दादा म्हणाला. त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. "एवढं एक खोड."

"का? खरं तेच लिहिलंय. कर ना सही. का आता तूही सोडणार मला?"

पेन तिनेच टोपण काढून त्याच्या हातात दिलं. दादाने त्या ओळीखाली सही केली.